रोगाला दाद न देणारं वाइनचं द्राक्ष: नवी जात कशी तयार होते, नेहमीचे प्रश्न आणि उत्तरं

मी द्राक्षबागायतदाराच्या घरातला, पुढे शेतीचं शिक्षण घेतलं आणि काही वर्षं एका प्रयोगक्षेत्रावर द्राक्षाचे क्रॉस, म्हणजे दोन जातींचे संकर, करायचं काम केलं. तेव्हापासून गावाकडे गेलो की हेच प्रश्न येतात, लग्नात भेटलेले लोकही जेवणाचं ताट हातात धरून विचारतात, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून काढलं. उदाहरणं बरीचशी फ्रान्स-जर्मनीची आहेत कारण वाइनच्या द्राक्षात हे काम तिथे सगळ्यात पुढे गेलंय, आपल्याकडचंही आहे, ते खाली येईल.

रोगप्रतिकारक जात लावली की फवारणी बंद का?

नाही. हे आधीच सांगतो कारण याच गैरसमजापायी लोक नंतर निराश होतात. फवारण्या खूप कमी होतात, फ्रान्सच्या सरकारी संशोधन संस्थेने ज्या जाती काढल्या त्यात बुरशीनाशकं ८० ते ९० टक्क्यांनी कमी लागतात असं ते सांगतात. पण वर्षातून एक-दोन फवारण्या घ्याच असंही तेच सांगतात, आणि त्या का घ्यायच्या हे कळलं की या विषयातलं निम्मं कळलं असं समजा. खाली "प्रतिकार मोडतो का" बघा.

कॅबरने, शिराझ, शेनिनला केवडा आणि भुरी एवढी का लागते?

कारण या सगळ्या जाती युरोपातल्या द्राक्षाच्या, म्हणजे व्हिटिस व्हिनिफेराच्या, आणि हे दोन्ही रोग मूळचे अमेरिकेतले. तिकडच्या रानटी वेली हजारो वर्षं या बुरशींसोबत राहिल्या, ज्या मेल्या त्या मेल्या आणि ज्या टिकल्या त्यांच्यात प्रतिकार आला. युरोपातल्या वेलीला हा शत्रू कधी दिसलाच नव्हता. भुरी १८४५ मध्ये इंग्लंडमधल्या एका काचघरात पहिल्यांदा दिसली आणि काही वर्षांत फ्रान्सच्या बागा पांढऱ्या झाल्या, मग मुळांवरची फायलोक्सेरा ही कीड आली, आणि तिला तोंड द्यायला अमेरिकेतून वेली आणायला लागले तर १८७८ मध्ये केवडाही दाखल झाला. बोर्डोच्या मेडॉक भागात चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचं पाणी शिंपडायचे, त्या वेलींची पानं हिरवी राहिलेली मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाच्या नजरेत आली आणि १८८५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. आपण आजही ड्रममध्ये कालवतो ते बोर्डो मिश्रण ते हेच.

म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षं आपण अशी वेल औषधावर जगवतोय जिच्या अंगात या रोगाविरुद्ध काहीच नाही. युरोपात शेतजमिनीच्या साधारण ३ टक्के जमिनीवर द्राक्ष आहे पण बुरशीनाशकांचा निम्म्याहून जास्त वाटा त्याच्यावर जातो. सेंद्रिय वाले तांबं मारतात पण तांबं मातीतून जात नाही, साठत राहतं, म्हणून युरोपीय संघाने ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातलीय.

मग प्रतिकार आणतात कुठून?

नातेवाईकांकडून. अमेरिकेतल्या रानटी वेली, पूर्व आशियातली व्हिटिस अमुरेन्सिस, आणि अमेरिकेच्या आग्नेय भागातलं मस्कडाइन द्राक्ष, म्हणजे रोटुंडिफोलिया. यातलं मस्कडाइन सगळ्यात तगडं पण सगळ्यात अवघडही, कारण आपल्या द्राक्षाची गुणसूत्रं ३८ आणि त्याची ४०, दोघांचं पोर झालं तरी ते बहुतेक वांझ निघतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्थ कॅरोलिनात असा एक क्रॉस जमला होता, त्याच्या पुढच्या पिढ्या घेऊन अलँ बुके या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९७४ पासून माँपेलिएला दर पिढीला पुन्हा चांगल्या वाइनच्या जातीशी संकर करायचा सपाटा लावला. प्रत्येक वेळी रानटी हिस्सा निम्मा होतो, ५० टक्के, मग २५, साडेबारा, सहा, तीन असा. पाच-सहा पिढ्यांनी वेल दिसायला, चवीला जवळजवळ पूर्ण युरोपियन, फक्त १२ व्या गुणसूत्रावरचा एक तुकडा मस्कडाइनचा राहिलेला. त्या तुकड्यात केवड्याविरुद्धचा जीन आहे आणि भुरीविरुद्धचाही, अगदी शेजारी शेजारी. पहिल्याला आरपीव्ही१ म्हणतात, दुसऱ्याला रन१. एका माणसाने आपली सगळी कारकीर्द या तुकड्यासाठी घातली, मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

क्रॉस करतात म्हणजे नक्की काय करतात?

हे मी हाताने केलेलं आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

द्राक्षाचं फूल इवलंसं असतं, त्याच्यावर हिरवी टोपी असते. फुलोऱ्यात ती टोपी आपोआप गळते आणि फूल स्वतःचं स्वतःच फळतं, बाहेरच्या परागाची वाट बघत नाही. आपल्याला ते व्हायला नको असतं. म्हणून टोपी सुटायच्या एक-दोन दिवस आधी बारीक चिमट्याने एकेका फुलाची टोपी पुंकेसरासकट उचलायची, आतला स्त्रीकेसर दुखावला तर ते फूल गेलं. घडातली बाकीची फुलं कात्रीने उडवायची, शंभर-दीडशे ठेवायची. एका घडाला सुरुवातीला मला दीड तास लागायचा, मान आखडून जायची. मग कागदी पिशवी बांधायची. दुसऱ्या दिवशी स्त्रीकेसराच्या टोकावर चकाकणारा थेंब दिसला की तो तयार झाला, मग वडील जातीचा पराग ब्रशने लावायचा, परत पिशवी, आणि लेबल. लेबल पावसात पुसलं तर सगळी मेहनत पाण्यात, मी एकदा शाईचा पेन वापरला होता आणि पूर्ण रांग टाकून द्यावी लागली, त्यानंतर कायम पेन्सिल.

रानटी वेलींमध्ये नर वेगळा आणि मादी वेगळी असते, त्यामुळे आई मादी वेल असेल तर टोपी काढायचं काम वाचतं.

आपल्या हवामानाचा यात एक फायदा आहे. युरोपात दोन जातींचा फुलोरा पुढे-मागे आला तर पराग सुकवून फ्रिजमध्ये जपून ठेवावा लागतो. आपल्याकडे फुलोरा छाटणीच्या तारखेवर असतो, आईची गोडी छाटणी (फळासाठीची) आज आणि वडिलांची चार दिवस आधी असं करून दोघं एकत्र फुलवता येतात.

बी पेरलं की नवी जात तयार?

एका मण्यात जास्तीत जास्त चार बिया, बहुतेक वेळा एक-दोनच. मणी पिकले की बिया काढायच्या, ओल्या वाळूत किंवा मॉसमध्ये गुंडाळून ४ अंशांच्या आसपास दोन-तीन महिने ठेवायच्या, ती थंडी मिळाल्याशिवाय बी नीट उगवत नाही. मग ट्रेमध्ये पेरायचं.

आणि इथे लोकांचा गोंधळ होतो. द्राक्षाचं बी आईसारखं येत नाही. कॅबरनेच्या मण्यातलं बी पेरलंत तर जे उगवेल ते कॅबरने नाही, कॅबरनेचं पोर आहे, आणि पोरं एकसारखी नसतात. कॅबरने सॉव्हिन्यों स्वतःच एक असं पोर आहे, कॅबरने फ्राँ आणि सॉव्हिन्यों ब्लाँ यांचं, फ्रान्समध्ये कधीतरी आपोआप झालेलं, हे कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठाने १९९७ मध्ये डीएनए तपासून दाखवलं. म्हणून हजार बिया म्हणजे हजार वेगवेगळ्या जाती. त्यातलं एखादंच ठेवण्यालायक निघतं आणि ते पुढे कायम काडीनेच वाढवायचं.

हजारातून एक कसं शोधतात?

आधी फार कष्टाचं होतं. सगळी रोपं शेतात लावायची, फवारणी न करता पावसात सोडायची आणि जगतील ती बघायची. आता रोप तीन-चार पानांचं असतानाच पानाचा तुकडा घेऊन डीएनए तपासतात. ज्या जीनची जागा माहिती आहे त्याच्या शेजारची खूण बघायची, याला मार्कर म्हणतात.

गणित खरं उदाहरण घेऊन दाखवतो. फ्रान्समधल्या कोलमारच्या केंद्राने २००० साली क्रॉस सुरू केले, त्यातल्या एकात आई बुके यांच्या वेलींपैकी एक आणि वडील रेजंट. रेजंट ही जर्मन जात, १९६७ मध्ये गाइलवाइलरहोफ इथे डायना आणि शांबूरसँ यांच्या संकरातून झालेली, तिच्यात १८ व्या गुणसूत्रावर केवड्याचा दुसरा जीन आणि १५ व्या गुणसूत्रावर भुरीचा दुसरा. आईचा तुकडा पोराकडे यायची शक्यता निम्मी, वडिलांचा पहिला यायची निम्मी, दुसरा यायची निम्मी. निम्म्याचं निम्मं करत गेलं की आठात एक. हजार रोपांतली ८७५ ट्रेमध्येच बाद आणि सव्वाशे शेतात. जागा, पाणी, मजुरी, तार-अँगल सगळं वाचतं.

पण मार्कर म्हणजे कागदावरचा प्रतिकार, प्रत्यक्षातला बघायलाच लागतो. त्यासाठी पानाच्या गोल चकत्या कापून पालथ्या बाजूने वर ठेवतात, केवड्याच्या बीजाणूंचं पाणी शिंपडतात आणि आठवडाभरात किती पांढरी वाढ आली ते १ ते ९ मध्ये मोजतात, ९ म्हणजे सगळ्यात चांगलं. हाताखालून शेकडो चकत्या गेल्या की डोळाच तयार होतो.

मग पंधरा-वीस वर्षं का लागतात? मार्करने तर काम सोपं झालं ना?

सोपं झालं ते पहिलं वर्ष. बियांपासूनच्या वेलीला पहिला घड यायला तीन-चार वर्षं, आणि एका वेलीच्या घडांतून धड एक बाटली होत नाही. मग काड्या घेऊन पाच-दहा वेली करायच्या, परत दोन-तीन वर्षं, मग किलो-दोन किलोची छोटी वाइन, मग चांगल्या दहा-वीस ओळी निवडून वेगवेगळ्या भागांत, वेगवेगळ्या मातीत लावायच्या. एका वर्षाच्या पिकावर विश्वास ठेवता येत नाही, एक वर्ष पावसाचं, एक कोरडं, एक गारपिटीचं. कोलमारच्या २००० ला सुरू झालेल्या कामातल्या पहिल्या चार जाती, लाल आर्ताबान आणि विडोक, पांढरी फ्लोरेआल आणि व्होल्टिस, २०१८ मध्ये नोंदल्या गेल्या. अठरा वर्षं, तेही मार्कर हाताशी असताना. शिवाय त्याच्या आधीची बुके यांची वर्षं यात धरलेलीच नाहीत.

नोकरीत असताना ज्यांनी पहिले क्रॉस केले ते बऱ्याचदा जात बाहेर यायच्या आत रिटायर होतात. पैसे देणाऱ्यांना पाच वर्षांत निकाल हवा असतो आणि वेल काही ऐकत नाही, म्हणून हे काम सहसा सरकारी संस्थेतच होतं आणि तिथेच व्हायला हवं असं माझं ठाम मत आहे.

अशा द्राक्षाची वाइन चांगली होते का? संकरित वाइनला घाण वास येतो म्हणतात.

हा आरोप जुन्या जातींबद्दल खरा होता. अमेरिकन लॅब्रुस्का द्राक्षात मिथाइल अँथ्रानिलेट नावाचं रसायन असतं, त्याचा गोडसर, उग्र वास येतो, त्याला फॉक्सी म्हणतात. रसात आवडतो, वाइनमध्ये नको वाटतो. फायलोक्सेरानंतर फ्रान्समध्ये अशा संकरित जाती खूप लागल्या होत्या, १९३० च्या दशकात सरकारने नोआ, इझाबेल, क्लिंटन, ओथेलो अशा सहा जातींवर बंदीच घातली. संकरित या शब्दाला तेव्हापासून जो डाग लागला तो अजून पूर्ण गेलेला नाही.

आताच्या जाती वेगळ्या आहेत कारण मधे पाच-सहा वेळा चांगल्या वाइनच्या जातीशी संकर झालेला असतो. कॅलिफोर्नियात अँड्र्यू वॉकर यांनी पिअर्स नावाच्या रोगाला टिकणाऱ्या पाच जाती २०१९ मध्ये दिल्या (हा रोग बुरशीचा नाही, बॅक्टेरियाचा आहे), त्यातला प्रतिकार एका रानटी अॅरिझोनिका वेलीतून आलाय पण ९४ ते ९७ टक्के वंश व्हिनिफेराचाच. चवीला कॅबरने लागतात का? नाही लागत, लागायला नकोही, ती वेगळी द्राक्षं आहेत, त्यांना त्यांच्या चवीने मोजावं.

युरोपात नावाचा अडथळाही सुटायला लागलाय. प्रदेशाच्या नावाची मानाची वाइन फक्त शुद्ध व्हिनिफेरापासूनच, असा नियम होता, तो २०२१ च्या शेवटी सैल झाला. आता खुद्द शँपेनमध्ये प्रयोग म्हणून व्होल्टिस लावायला परवानगी आहे, बागेच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि मिश्रणात १० टक्क्यांपर्यंत.

हे जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेलं, आहे का?

नाही. वर लिहिलं तेच, चिमटा, ब्रश आणि कागदी पिशवी. प्रयोगशाळेत फक्त तपासणी होते, जीन बाहेरून घातला जात नाही.

पानावर बारीक तपकिरी ठिपके येतात, म्हणजे जात फेल गेली का?

उलट. प्रतिकारक वेलीत बुरशी आत घुसली की त्या जागच्या पेशी स्वतःच मरतात आणि बुरशीला पुढे खायला काही मिळत नाही, त्या मेलेल्या पेशी म्हणजे तो ठिपका. पान उलटं करून बघा, खाली पांढरी लव नसेल तर वेल आपलं काम करतेय. ठिपका मोठा होत गेला, तेलकट दिसला आणि खाली लव आली तर मात्र काळजीचं.

प्रतिकार कायम राहतो की मोडतो?

मोडू शकतो, आणि माझ्या दृष्टीने या पूर्ण पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

मेटालॅक्झिल या बुरशीनाशकाचं काय झालं आठवा, सुरुवातीला जादू वाटायची, मग केवडा दाद देईनासा झाला. जीनचंही तसंच होतं. हंगेरीच्या बियांका या जातीत केवड्याविरुद्ध एकच मुख्य जीन होता, त्याला न जुमानणारी बुरशी २०१० च्या सुमारास शास्त्रज्ञांना सापडली. वेल तीस-चाळीस वर्षं एका जागी उभी असते, बुरशी मात्र एका हंगामात कित्येक पिढ्या करते, त्या कोट्यवधी बीजाणूंतला एखादा कधीतरी कुलूप उघडतोच.

म्हणून दोन कुलपं. एकाच रोगाविरुद्ध दोन वेगळे जीन एका वेलीत आणायचे म्हणजे बुरशीला दोन्ही एकाच वेळी उघडावी लागतात, ते फार अवघड. आर्ताबान आणि विडोकमध्ये हेच केलंय. आणि म्हणूनच ती एक-दोन फवारणी, जास्त रोगाच्या दिवसांत बुरशीची संख्या कमी ठेवायची म्हणजे तो एखादा बीजाणू जन्मायची शक्यताच घटते. वेलीला दिसायला गरज नसते तेव्हा फवारणी करायची हे शेतकऱ्याच्या गळी उतरवणं अवघड असतं, मी प्रयत्न केलाय. फ्रान्समध्ये या बागांवर लक्ष ठेवायला वेगळी देशव्यापी व्यवस्था आहे, कुठे प्रतिकार ढिला पडतोय ते लगेच कळावं म्हणून.

एकच जीन असलेली जात घाईने बाजारात आणणं म्हणजे तो जीन जाळून टाकणं. तो एकदा गेला की सगळ्यांसाठी गेला, पुढच्या ब्रीडरसाठीसुद्धा.

फ्रान्सची काडी आणून नाशिकला लावली तर?

तशी आणू नका. परवाना आणि क्वारंटाइनशिवाय काडी आणणं बेकायदा आहे आणि धोक्याचंही, १८७८ चा केवडा असाच आणलेल्या वेलींवरून गेला होता. रीतसर आणली तरी ती इथे तशीच वागेल असं धरू नका. तिकडे वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे झोपत नाही, आपण एप्रिलला खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी करून एका वर्षात दोनदा फोडतो. खरड छाटणीनंतरची कोवळी फूट पावसाळ्यात सापडते, तेव्हा केवडा तर असतोच पण करपा आणि तांबेराही असतो, आणि तिकडच्या जाती मुख्यतः केवडा आणि भुरीसाठी निवडल्यात. करप्याला बळी पडणारी जात आपल्याला निम्मीच उपयोगाची. त्यात गोडी छाटणीनंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरचा अवकाळी पाऊस पोंगा (कोवळा कोंब) ते फुलोरा या अवस्थेत आला की काय होतं ते सांगायला नको, घडच कुजून गळतात. डॉगरिजसारख्या आपल्या खुंटावर (ज्याच्या मुळांवर कलम करतो त्या वेलीवर) ती किती जोर धरते, घड किती लागतात, उन्हात रंग येतो का, आम्ल टिकतं का, हे सगळं इथेच बघायला लागेल.

म्हणून मला वाटतं तिकडच्या वेली रीतसर आणून वडील म्हणून वापराव्यात आणि निवड मात्र आपल्या पावसात, आपल्या छाटणीवर व्हावी.

आपल्याकडे कुणी काही केलंय का?

केलंय आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेची एआरआय-५१६ ही जात कटावबा, म्हणजे लॅब्रुस्का गटातलं अमेरिकन द्राक्ष, आणि ब्युटी सीडलेस यांच्या संकरातून आलीय. बुरशीजन्य रोगांना टिकते, ११० ते १२० दिवसांत तयार होते, रस, जॅम आणि रेड वाइनसाठी तिची शिफारस आहे. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने मांजरी मेडिका दिली, पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेसच्या संकरातली, पण ती मुख्यतः रसासाठी आणि रंगासाठी. म्हणजे क्रॉस करणारे हात आणि जागा इथे आहेत. वर सांगितलेली दोन कुलपांची, पूर्ण वाइनच्या दर्जाची जात इथल्या पावसासाठी बनवणं हे पुढचं काम.

खाण्याच्या द्राक्षात हे आधी का नाही करत?

करतात, पण ते जास्त किचकट आहे. ग्राहकाला बिनबियांचं द्राक्ष लागतं, आणि दोन्ही आई-बाप बिनबियांचे घेतले तर बी पूर्ण वाढतच नाही, मण्यातला कच्चा गर्भ काढून प्रयोगशाळेत बाटलीत वाढवावा लागतो. वाइनला बी चालतं, उलट बियांतून थोडं टॅनिनही येतं. शिवाय मण्याचा आकार, करकरीतपणा, निर्यातीतला टिकाऊपणा यांची अट नाही. म्हणून सुरुवात वाइनपासून करावी असं माझं मत.

नव्या जातीवर हक्क कुणाचा?

२००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याखाली नोंदणी होते, वेली आणि झाडांसाठी संरक्षण १८ वर्षांपर्यंत. शेतकरी स्वतः तयार केलेली जातही नोंदवू शकतो, हे बऱ्याच जणांना माहिती नसतं.

घरच्या बागेत मी करून बघू शकतो का?

जरूर बघा. क्रॉस करायला लायसन्स लागत नाही. आई म्हणून बागेतली एखादी बियांची जात घ्या, चार घड पुरेत, चिमटा घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे मिळतो तसला बारीक घ्या. पराग सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान लावा, लेबल पेन्सिलने लिहा, तारीख आणि दोन्ही नावं. एक घड टोप्या काढून, पिशवी बांधून, पराग न लावता तसाच ठेवा, त्यात मणी धरले तर तुमची टोपी काढण्यात चूक होतेय असं समजायचं आणि पुढच्या फुलोऱ्याला परत.